एम.डी. प्रशिक्षणाचा समितीमार्फत वार्षिक आढावा: खानदेशातील एका मेडिसिन विभागाचे परीक्षण

खानदेशातील एका शिक्षण-रुग्णालयाच्या मेडिसिन विभागाने आपल्या एम.डी. अभ्यासक्रमाचा दरवर्षी समितीमार्फत आढावा घेण्याची पद्धत सुरू केली. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा आणि अडीअडचणीला त्याच रुग्णालयाकडे रुग्ण पाठवणारा फिजिशियन या नात्याने मला तिथे बाहेरचा सदस्य म्हणून बोलावण्यात आले. पहिला आढावा, त्यानंतरचे वर्ष आणि दुसरा आढावा असे सगळे पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देणार नाही, कारण उणिवा सांगितल्याशिवाय परीक्षणाला अर्थ नाही आणि नाव घेऊन उणिवा सांगितल्या तर पुढच्या वर्षी तिथले कोणी समितीसमोर तोंड उघडणार नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी साडेतीन देईन. कापलेल्या दीड गुणापैकी बराचसा भाग एकाच गोष्टीचा आहे: समितीने जे ठरवले त्यातले वर्षभरात प्रत्यक्षात काय झाले, याचा.

तपासणी हा प्रकार कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाला नवा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या काळात तपासनीस येणार असे कळले की खाटा कशा भरत आणि एरवी न दिसणारे अध्यापक हजेरीपटावर कसे उगवत, याचे किस्से जुन्या प्रत्येक बॅचकडे आहेत. २५ सप्टेंबर २०२० रोजी परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आता महाविद्यालयांनी दरवर्षी स्वतःची माहिती घोषित करायची असते, अध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेली असते आणि अलीकडे तर ती चेहरा ओळखून नोंदवली जाते. तरीही २०२५ मध्ये तपासणीच्या व्यवहारातील लाचखोरीबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाला गुन्हा नोंदवावा लागलाच. खाटा, अध्यापक, ओपीडीचे आकडे, यंत्रसामग्री यांची मोजदाद अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. तेवढेही नसेल तर पुढचे सगळे बोलणेच फोल आहे. मात्र या मोजदादीतून एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर (रुग्णालयात काम करत एम.डी. शिकणारा) रात्री दोन वाजता एकटा असताना काय करू शकतो. उद्या तो चोपड्याला, शहाद्याला किंवा शिरपूरला दवाखाना थाटणार आहे आणि तिथे त्याच्या शेजारी कोणी सीनियर असणार नाही. म्हणून बाहेरून होणारी तपासणी आणि आतून होणारा आढावा ही दोन वेगळी कामे मानून या विभागाने दुसरे काम हाती घेतले, ही पहिली जमेची बाजू.

चौकट त्यांनी अमेरिकेतील पद्धतीवरून घेतली आहे. तिथे निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणारी परिषद १९८१ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतःची एक मूल्यमापन समिती नेमावी लागते, तिच्यात किमान दोन अध्यापक आणि किमान एक निवासी डॉक्टर असावा लागतो आणि दरवर्षी लेखी आढावा घेऊन तो अध्यापक व निवासी डॉक्टर या दोघांपुढे मांडावा लागतो. आपल्याकडील विभागाने ही रचना घेताना थोडी भर घातली. विभागप्रमुख, मेडिसिनचे दोन अध्यापक, आयसीयू सामायिक असल्यामुळे भूलशास्त्राच्या एक मॅडम, निवासी डॉक्टरांनी आपल्यातून निवडून दिलेले दोघे (एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या वर्षाचा), आयसीयूच्या सिस्टर इन्चार्ज आणि बाहेरचा सदस्य, अशी ती समिती आहे. यातील सिस्टरांची निवड सगळ्यात अचूक ठरली. अध्यापक सकाळच्या राउंडला दिसणारा विभाग ओळखतात, निवासी डॉक्टर आपापल्या ड्युटीपुरता ओळखतात. गेली अनेक वर्षे तिन्ही पाळ्यांत तो पाहणाऱ्या त्या खोलीत एकट्या सिस्टरच होत्या.

पहिल्या बैठकीत टेबलावर आली ती लॉगबुके, म्हणजे निवासी डॉक्टरांनी केलेल्या कामांच्या नोंदवह्या. तिसऱ्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरच्या लॉगबुकात लंबर पंक्चरच्या (पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढण्याच्या) नोंदींचे एक भरगच्च पान होते. तारखा काही महिन्यांत विखुरलेल्या होत्या. शाई मात्र एकच, अक्षराचा कल एकच, आणि शेवटच्या रकान्यातील गाईडची सही वरून खाली येताना एकेक अक्षर गाळत शेवटी नुसती रेघ झालेली. पान एका बैठकीत भरले गेले होते आणि एका दमात त्यावर सह्या झाल्या होत्या, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. भूलशास्त्राच्या मॅडमनी ते पान मिटले आणि त्याला सरळ विचारले, “यातली किती तुम्ही स्वतः केलीत?” तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “मॅडम, बरीचशी पाहिली आहेत, काहींना मदत केली आहे. पूर्णपणे मी केलेली दोन-तीनच असतील.” विभागप्रमुखांचा चेहरा उतरला, पण त्यांनी त्या मुलाला एका शब्दाने बोलले नाही, आणि माझ्या मते आढाव्याचा पुढचा सगळा सूर त्या न बोलण्याने ठरला. लॉगबुकात ‘पाहिले’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली केले’ आणि ‘एकट्याने केले’ असे चार रकाने असावेत आणि सही त्याच आठवड्यात व्हावी, असा ठराव झाला. दिसायला किरकोळ सुधारणा आहे; पण तिच्यामुळे पहिल्यांदाच विभागाला कळले की अनेकांना मध्यवर्ती शिरेत नळी घालणे येते, परंतु श्वासनलिकेत नळी घालण्याची संधी भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर हजर असल्यामुळे मेडिसिनच्या मुलांना मिळतच नाही. त्यावर मॅडमनी तिथल्या तिथे, दर महिन्याला दोघांना ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवा, असा तोडगा दिला.

याहून मोलाचा भाग रात्रीच्या केसपेपरांचा होता. मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत दाखल झालेल्या रुग्णांचे कागद रेकॉर्ड रूममधून काढायचे, आणि कोणते काढायचे हे विभागाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, अशी ही पद्धत. त्यातून पावसाळ्यातील एक केसपेपर निघाला. शेतमजुरी करणारी एक बाई पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आली होती. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने पोट मऊ असल्याची नोंद करून पॅन्टोप्राझोलचे (आम्लपित्तावरचे) इंजेक्शन दिले आणि तिला निरीक्षणाखाली ठेवले. दोनेक तासांनी पाळी बदलताना सिस्टरांनी लिहिलेली ओळ कागदावर आहे: ‘रुग्ण डोळे पूर्ण उघडत नाही.’ तिथून पुढे धावपळ. नातेवाइकांना अहिराणीतून विचारल्यावर कळले की बाई रात्री जमिनीवर झोपली होती. मण्यार चावल्यावर दंशाची खूण बहुधा सापडत नाही, सूजही येत नाही, आणि जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखत उठला तर त्याच्या पापण्या जड होऊन मिटत तर नाहीत ना हे आधी पाहावे, हे आमच्या भागातील जुन्या डॉक्टरांना पाठ असते. त्या बाईला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, ती वाचली.

समितीने इथे ज्या रीतीने प्रश्न विचारले ती रीत दाद देण्यासारखी होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला काय माहीत नव्हते यावर वेळ घालवण्याऐवजी, त्या रात्री त्याच्यावरचा सीनियर कोण होता आणि त्या सीनियरला फोन का गेला नाही, हे विचारले गेले. उत्तर तिसऱ्या वर्षाच्या प्रतिनिधीने दिले: रात्री उठवले की सकाळच्या राउंडला, “एवढेही जमत नाही का?” हे सगळ्यांसमोर ऐकावे लागते, म्हणून मुले फोन करत नाहीत. मग ज्या परिस्थितींत सीनियरला फोन करणे सक्तीचे आहे त्यांची यादी करण्याचे ठरले. श्वास लागणे, शुद्ध हरपणे, कारण न सापडलेली पोटदुखी, विषप्राशन, सर्पदंशाची नुसती शंका अशी ती यादी आहे. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधांची विषबाधा वर्षभर येत असल्यामुळे यादीतील विषप्राशनाचा रकाना कधीच रिकामा राहत नाही. सक्ती असल्यामुळे फोन करणे हा कमीपणा ठरत नाही, ही त्यामागची कल्पना मला पटली.

त्याच दिवशी समिती कॅज्युअल्टीत गेली आणि तिथे निघालेली गोष्ट कोणत्याही प्रश्नावलीतून निघाली नसती. घोणस किंवा फुरसे चावलेल्या रुग्णाचे रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी वीस मिनिटांची चाचणी करतात: शिरेतले ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग एकदाच तिरके करून पाहायचे. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू होते, म्हणून नळी काचेचीच हवी आणि ती साबणाच्या पावडरीने धुतलेली नसावी. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. तिथल्या निवासी डॉक्टरला चाचणीची सगळी कृती तोंडपाठ होती. नळी काचेची लागते हेही त्याने न विचारता सांगितले. परंतु स्टोअरमधून ज्या येतात त्याच वापरायच्या, हे त्याने मनाशी मान्य केले होते. निरोगी रक्तसुद्धा प्लॅस्टिकमध्ये वेळेत गोठेलच असे नाही, म्हणजे गरज नसताना सर्पविषविरोधी लस दिली जाण्याचा धोका, आणि त्या लसीची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. ज्ञान पुस्तकात, परीक्षेत आणि डोक्यात बरोबर असून हाताला चुकीची वस्तू लागत असेल, तर दोष शिक्षणाचा मानायचा की खरेदीचा, यावर बैठकीत बराच खल झाला. माझे मत असे की तीन वर्षे चुकीच्या वस्तूने काम करायला शिकलेला डॉक्टर पुढे कुठेही गेला तरी तीच तडजोड बरोबर नेतो, त्यामुळे तो दोष शिक्षणाचाच आहे.

कामाच्या तासांचा विषय मात्र समितीने हाताळला तो अर्धवट. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत निवासी डॉक्टरांनी ‘वाजवी’ तास काम करावे, त्यांना विश्रांतीला वाजवी वेळ आणि आठवड्यातून एक सुटी मिळावी असे म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे सांगितलेले नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणपणे दिवसाला बारा आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या कृती दलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावे असे सुचवले. त्याच अहवालाच्या सर्वेक्षणात १५.३ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक विकाराचे निदान झाले असल्याचे नोंदवले होते. अमेरिकेतही चार आठवड्यांची सरासरी काढून ८० तासांची मर्यादा २००३ पासून आहे. आमच्या समितीपुढे विभागाचा ड्युटी चार्ट ठेवला गेला आणि त्यावर सगळे कसे आखीवरेखीव होते. सिस्टरांनी रक्तपेढीला गेलेल्या मागणीपत्रांचा गठ्ठा शेजारी ठेवला. चार्टप्रमाणे दुपारी दोनला सुटलेल्या डॉक्टरची सही त्याच रात्री नऊच्या मागणीपत्रावर होती, आणि असे एक नव्हे, अनेक कागद होते. एवढा पुरावा समोर असताना इतिवृत्तात लिहिले गेले ते इतकेच: ‘वाजवी तास पाळण्याबाबत संबंधितांना सूचना देण्यात आल्या.’ ज्यांना सूचना द्यायच्या ते संबंधित तिथेच बसले होते, हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवरील महिला डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर महिला डॉक्टरांच्या ड्युटी रूमची कडी आणि होस्टेलपर्यंतच्या वाटेवरचे दिवे पाहायचे ठरले होते. ते काम मात्र चोख झाले.

निवासी डॉक्टर मोकळेपणाने बोलतील का, हा अशा कोणत्याही आढाव्यातील कळीचा प्रश्न आहे. एम.डी.च्या परीक्षेला चार परीक्षक असतात आणि त्यातले किमान निम्मे बाहेरचे असले तरी उरलेले आपल्याच विभागाचे असतात. प्रबंधाचा गाईड, परीक्षक आणि आढावा समितीचा सदस्य हे तिघे पुष्कळदा एकच व्यक्ती असतात. विभागाने यावर निनावी प्रश्नावलीचा उपाय केला, परंतु एका वर्षात मूठभर मुले असताना निनावी हा शब्द फारसा टिकत नाही; वाक्याच्या वळणावरून, नाहीतर कोणत्या युनिटची तक्रार आहे त्यावरून, लिहिणारा ओळखू येतो. अमेरिकेतील सर्वेक्षणातही चारपेक्षा कमी निवासी असलेल्या अभ्यासक्रमाला स्वतंत्र वार्षिक निकाल देत नाहीत, ते याच कारणासाठी. आमच्याकडे अधिक उपयोगी पडला तो साधा उपाय: दुपारी अर्धा तास विभागप्रमुख आणि मेडिसिनचे अध्यापक खोलीबाहेर गेले आणि निवासी डॉक्टरांशी मॅडम, सिस्टर आणि मी बोललो. प्रबंधाच्या कामासाठी गाईड भेटतच नाहीत, जर्नल क्लब (नव्या शोधनिबंधांवरची चर्चा) कागदोपत्रीच होतो, राउंडला शिकवण्यापेक्षा डिस्चार्जची घाई असते, हे सगळे त्या अर्ध्या तासात आले. त्यापूर्वीच्या दोन तासांत यातले एकही वाक्य कोणी उच्चारले नव्हते. इतर विभागांनी या पद्धतीतून एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ही उचलावी.

भाषेचा मुद्दा अजेंड्यावर नव्हता. तो त्या मण्यारीच्या केसपेपरमुळे आपोआप आला. सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे केरळपासून राजस्थानपर्यंतची मुले इथे येतात आणि पहिल्याच आठवड्यात ‘मनं पोट दुखस’ म्हणणारी आजी किंवा सातपुड्यातून आलेला, मराठीही जेमतेम बोलणारा पावरा आदिवासी रुग्ण त्यांच्यापुढे बसतो. अर्थात विदर्भातून किंवा कोकणातून आलेल्या मराठी मुलाचीही फार वेगळी स्थिती नसते. सिस्टरांनी मावश्या आणि वॉर्डबॉय यांना हाताशी धरून नेहमीच्या तक्रारींची अहिराणी, भिली आणि पावरी अशी एक छोटी यादी तयार केली, उच्चार देवनागरीत आणि अर्थ हिंदीत. नव्या बॅचला पहिल्या दिवशी ती मिळते. या कामाचा खर्च झेरॉक्सइतका आणि उपयोग एखाद्या यंत्राहून जास्त, असे मी विभागाला लेखी कळवले आहे.

शिकवणीच्या वेळापत्रकातही अशीच एक विसंगती सापडली. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागातून येणाऱ्या रुग्णांमुळे वॉर्डात सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रुग्ण नाही असा आठवडा विरळा, आणि १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. तरी वर्षभराच्या सेमिनारांच्या यादीत सिकलसेल एकदाच होता, तोही रक्तविज्ञानाच्या सर्वसाधारण सदरात. दुर्मीळ आजारांवरचे सेमिनार मात्र भरपूर, कारण परीक्षेला दुर्मीळ केस येते असा समज. वेळापत्रक वॉर्डच्या दाखल-नोंदींशी ताडून दरवर्षी बदलावे, हा ठराव झाला आणि पाळलाही गेला.

समितीने पूर्णपणे सोडून दिलेली बाजू म्हणजे जिल्हा निवासी कार्यक्रम. नियमाप्रमाणे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावे लागते. तीन वर्षांतले तीन महिने हा काही थोडाथोडका भाग नव्हे, आणि आमच्यासारख्या भागात तर तो प्रशिक्षणाचा गाभा ठरू शकतो. प्रत्यक्षात निवासी डॉक्टर तिथून परत येतो तो हजेरीचे प्रमाणपत्र घेऊन. तिथे त्याने काय पाहिले, कोणाच्या देखरेखीखाली पाहिले, काय करताना तो अडला, याची विचारणा कोणी करत नाही. काहींना तिथे तीन महिने नुसती ओपीडी उरकावी लागली, तर एकाने कॅज्युअल्टी सांभाळून मुख्य रुग्णालयात वर्षभरात शिकला नसेल इतके शिकून घेतले. दोघांच्या प्रमाणपत्रांवरचा मजकूर अक्षरशः सारखा आहे. समितीवर जिल्हा रुग्णालयाचा प्रतिनिधी नाही आणि त्याला बोलावण्याची सूचना मी पहिल्या वर्षीही केली होती. पास होऊन बाहेर पडलेल्यांना विचारावे, हेही सुचवले होते. दोन वर्षे एकट्याने प्रॅक्टिस केलेला माजी विद्यार्थी पाच मिनिटांत सांगेल की त्याला काय शिकवलेच गेले नव्हते, पण त्याला विचारायला कोणाकडे फोन नंबर असतील तर ना.

आता पाठपुराव्याविषयी. दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत मागील ठराव एकामागून एक वाचून दाखवले गेले आणि त्यापुढे काय झाले हे मोठ्याने सांगावे लागले. कोणत्याही आढाव्याची खरी परीक्षा या वाचनात होते, आणि इथे निघालेला निष्कर्ष मला अपेक्षित नव्हता. सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात पैसे लागणारी कामे रखडतात असा आपला सर्वसाधारण अनुभव. इथे काचेच्या नळ्या आल्या होत्या, दिवे लागले होते, कडी बसली होती, लॉगबुके नव्याने छापली होती. रखडली होती ती एक पैसाही न लागणारी कामे. सक्तीच्या फोनची यादी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावली आहे, पण रात्री फोन केल्यावर सकाळी ऐकून घ्यावे लागते ते लागतेच, असे दोन्ही प्रतिनिधींनी सांगितले. गाईडच्या भेटीचा वार ठरला, वार पाळला गेला नाही. कामाच्या तासांबद्दलचे वाक्य तर मागील इतिवृत्तातून जसेच्या तसे उतरवले होते. फक्त वर्ष बदलले. पहिल्या प्रकारच्या ठरावाला स्टोअरकीपर पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या ठरावासमोर विशिष्ट माणसाचे नाव आणि तारीख लिहावी लागते, आणि ते लिहिण्याचा प्रसंग आला की समिती ‘सर्व अध्यापकांनी लक्ष द्यावे’ असे लिहून मोकळी होते. अधिष्ठात्यांकडे अहवाल जातो, त्यावर पोच मिळते. त्यांनी कोणाला त्याबद्दल विचारल्याचे ऐकिवात नाही. मान्यता देणारी संस्था वा विद्यापीठ हा अहवाल मागत नसल्यामुळे तो बाजूला पडला तरी कोणाचे काही अडत नाही.

एवढे असूनही ज्या विभागात एम.डी. किंवा डीएनबीचे (एम.डी.च्या तोडीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीचे) विद्यार्थी आहेत त्यांनी ही पद्धत जरूर सुरू करावी असे मी म्हणेन. ओपीडी संपल्यावरचा एक पूर्ण दुपारचा वेळ, रेकॉर्ड रूमच्या कारकुनाचे थोडे काम आणि चहा-पोहे, एवढाच तिचा खर्च आहे. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयांपेक्षा आमच्यासारख्या ठिकाणी तिची गरज जास्त आहे, कारण इथे रुग्णसंख्या भरपूर, अध्यापक मोजके, आणि शिकणारा बराचसा आपल्या आपण शिकतो. तो नीट शिकतो की चुकीचे शिकतो हे पाहायला दुसरा कोणताही मार्ग नाही. ज्या विभागप्रमुखांना अर्धा तास खोलीबाहेर बसणे मानवणार नाही, त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. त्यांच्याकडे आधीच पुरेशी इतिवृत्ते असतील. स्वतः निवासी डॉक्टर असाल आणि समितीवर निवडून जाणार असाल, तर तक्रार नेण्याऐवजी कागद न्या. मागणीपत्र, केसपेपर, लॉगबुकाचे पान यांच्याशी वाद घालणे कोणालाही अवघड जाते.

तिसऱ्या वर्षीचे निमंत्रण आले आहे. मागील ठरावांची अंमलबजावणी हा विषय शेवटी न ठेवता पहिल्या क्रमांकावर घ्यावा, प्रत्येक अपूर्ण ठरावापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे आणि जिल्हा रुग्णालयाच्या प्रतिनिधीला बोलवावे, अशा तीन अटी मी उत्तरात कळवल्या. विषयांचा क्रम विभागाने बदलून पाठवला आहे. जिल्हा रुग्णालयाला पत्र गेल्याचे कळते. नावे लिहिण्याच्या अटीवर अजून उत्तर आलेले नाही.